बदली नट आणि पक्के प्रेक्षक



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत संतसाहित्यापासून आंब्यावरच्या तुडतुड्यापर्यंत बरंच काही बोलून झालं आहे. म्हणून मी नटांचा विषय घेतला. खरं तर नटांबद्दल बोलणाऱ्यांचा, म्हणजे तुमचा-माझा. गुरुजींना तो थिल्लर वाटला नसता. शाळेच्या स्नेहसंमेलनात भालदाराच्या कामासाठीसुद्धा ते तीन-तीन पोरं उभी करून बघायचे आणि निवड झाली की उरलेल्यांना बाजूला घेऊन 'तुला का नाही' ते सांगायचे. आवडनिवड सांगितली की तिचं कारणही द्यावं लागतं, ही सवय आम्हाला त्यांनी लावली.

1962 सालापासून सुरुवात करतो. त्या वर्षी इथे डोंगराच्या पोटात कोयनेच्या भूमिगत वीजगृहातला पहिला संच फिरला. त्याच वर्षी वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगमंचावर आलं आणि चिपळूणला जन्मलेले एक दंतवैद्य संभाजी म्हणून उभे राहिले. आणि त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला दिल्लीत आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग झाला. या तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही आणि मी तो ओढूनताणून जोडणार नाही. पण आमच्या पिढीचं बालपण या तिन्हींत मिळून गेलं. प्रकल्पाच्या वसाहतीत माणसं राज्यभरातून बदलीवर यायची. कुणी नागपूरकडचं, कुणी जळगावचं, कुणी लातूरचं. शेजारी नवं बिऱ्हाड उतरलं की पहिल्या दिवशी तालुका विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी नट. 'तुम्ही कुणाचे, घाणेकरांचे की पणशीकरांचे?' एवढं विचारलं की पुढचे दोन तास चहा नुसता उकळत राहायचा. बोली वेगळ्या, भाज्यांची नावं वेगळी, सणांच्या रीती वेगळ्या. पण लाल्या आणि लखोबा सगळ्यांना ठाऊक.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्याकडचा चाहता नटाला डोक्यावर घेतो हे खरं, पण डोक्यावर घेतल्यावरही त्याचं वजन करत असतो. आणि त्याचा काटा कितपत खरा, हे लाडका नट समोर असताना कळत नाही. नट बदलला, त्याच भूमिकेत दुसरा आला, की कळतं. नाटकवाले त्याला 'रिप्लेसमेंट' म्हणतात. आजचं व्याख्यान या रिप्लेसमेंटवर आहे असं म्हणा.

आधी डॉ. काशिनाथ घाणेकर, कारण त्यांच्यावर चिपळूण तालुक्याचा पहिला हक्क. त्यांच्याआधी मराठी रंगभूमीवर मोठे नट नव्हते असं नाही. बालगंधर्वांसाठी लोक वेडे झाले होते. गंधर्व टोपी घालणारी माणसं माझ्या आजोबांनी पाहिलेली. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' झालं, तेव्हा बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर होते आणि दोघांचे पक्षही एकाच नाट्यगृहात बसले होते. पण ते वेड गाण्याचं होतं. घाणेकर गात नव्हते. माणूस नुसता प्रवेश करतो आणि थिएटर उसळतं, हा प्रकार गद्य नाटकात त्यांनी आणला. जाहिरातीत सगळ्यांची नावं झाली की शेवटी 'आणि' लिहून त्यांचं नाव येई. 2018 साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्याच्या नावातही तो 'आणि' ठेवावाच लागला.

1966 साली 'अश्रूंची झाली फुले' आलं. नाट्यसंपदेचं नाटक, लेखक पुन्हा कानेटकर. प्राध्यापक विद्यानंदांच्या भूमिकेत प्रभाकर पणशीकर आणि लाल्या घाणेकरांचा. नाटक आहे ते एका सज्जन प्राध्यापकाच्या पडझडीचं. पण प्रेक्षक घरी घेऊन गेले लाल्याला. त्याची केस मागे टाकायची लकब आणि बेफिकीर हिंदी बोलणं कॉलेजच्या पोरांनी उचललं. पुढे त्याच नाटकावरून 1969 मध्ये 'आँसू बन गये फूल' हा हिंदी चित्रपट आला. त्यात अशोक कुमार प्राध्यापक होते आणि लाल्याचं काम देब मुखर्जींनी केलं. आमच्याकडे तो पाहून आलेल्या मंडळींचं मत एका वाक्यात आटोपायचं: अशोक कुमार चांगलेच, पण त्या हिंदीतल्या पोराला बिघडायचं शिकवलेलं दिसतं, आपला लाल्या बिघडलेलाच होता. हे वाक्य बोलणारे गृहस्थ वीजगृहात पाळीवर काम करायचे. नाट्यसमीक्षा हा शब्द त्यांनी आयुष्यात उच्चारला नसेल, पण अभिनयातला शिकवलेपणा त्यांना ओळखता येत होता.

घाणेकरांच्या बाबतीत कोकणची तपासणी आणखी कडक असे, कारण घरचा माणूस. श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'त ते बापू झाले. मग काय, बापू कोकणातला, नट चिपळूणचा आणि प्रेक्षक बागेतून उठून आलेले. संवाद राहिले बाजूला, आमची म्हातारी मंडळी त्यांची चाल बघत बसली. आगराच्या ओल्या मातीत वाढलेला माणूस पाऊल कसं टाकतो यावर आमच्या ओटीवर गंभीर चर्चा झालेली मला आठवते. निकाल घाणेकरांच्या बाजूने लागला, पण एकमताने नाही.

पुढच्या वर्षांत प्रयोग खालीवर होऊ लागले, तेव्हा हीच माणसं परत येताना बसमध्ये गप्प असायची. 'आज नाही जमलं' एवढंच बोलायची. शिव्या नाहीत, वकिलीही नाही. 2 मार्च 1986 ला दौऱ्यावर असतानाच अमरावतीला ते गेले. आज ठाण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे.

आता लाल्याचं पुढे काय झालं बघा. रमेश भाटकरांनी ती भूमिका केली. 2019 मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा सुबोध भावेंनी केली. भावेंची गोष्ट तर मोठी गमतीची आहे. 2018 च्या चित्रपटात ते घाणेकर झाले आणि दुसऱ्या वर्षी रंगमंचावर लाल्या झाले. म्हणजे आधी नटाची भूमिका केली, मग त्या नटाच्या भूमिकेची. त्याआधी 2011 साली ते बालगंधर्व झाले होते, 2015 साली लोकमान्य. मला एका तरुण मित्राने विचारलं, 'सर, थोर माणसाची भूमिका करायची तर सुबोध भावे व्हावं लागतं का?' मी म्हटलं, उलट आहे, सुबोध भावे व्हायचं तर थोर माणूस गाठावा लागतो. यात भावेंना कमी लेखायचं नाही. पण चरित्रपटांमध्ये चाहत्याची परीक्षा सोपी होऊन बसते. तो फोटो काढतो, नाक जुळतंय का, पगडी जुळतेय का बघतो आणि खूश होतो. लाल्याचा फोटो कुठे आहे? तिथे जुळवायचं ते आठवणीशी, आणि आठवण रोज थोडी थोडी चढत जाते. ती परीक्षा अवघड.

'नटसम्राट'ची गोष्ट यासाठीच मला सगळ्यात मोलाची वाटते. कुसुमाग्रजांचं हे नाटक 23 डिसेंबर 1970 ला रंगमंचावर आलं. गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, अप्पा बेलवलकर डॉ. श्रीराम लागू, कावेरी शांता जोग. डॉक्टर लागू कानाघशाचे शल्यविशारद होते, त्यांचा दवाखाना नीट चाललेला, तो सोडून ते पूर्णवेळ नट झाले. त्यांच्यानंतर अप्पा केले दत्ता भटांनी, सतीश दुभाषींनी, यशवंत दत्तांनी. 2016 च्या पहिल्याच दिवशी महेश मांजरेकरांचा चित्रपट आला, त्यात नाना पाटेकर. म्हणजे जवळपास अर्धं शतक हा एकच म्हातारा वेगवेगळ्या अंगांनी घराबाहेर काढला जातो आहे.

आणि वाद तेवढाच जुना आहे: लागूंचे अप्पा की भटांचे? मी दोन्ही बाजूंची माणसं जवळून पाहिली. लागूंच्या पक्षातले म्हणायचे, अप्पा हा मोठा नट आहे, साधा म्हातारा नाही; तो घरात बोलतानाही शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असंच बोलणार, आणि ते भान फक्त लागूंना आहे. भटांच्या पक्षातले म्हणायचे, असेल मोठा नट, पण आता तो आजोबा आहे. नातीशी बोलताना ज्याचा आवाज घरातला होत नाही त्याला घराबाहेर काढलं तर मला रडू कसं येणार? आता हा वाद नटांचा राहिला का? हा तर नाटकाचाच पेच आहे. अप्पांची शोकांतिका ते नट होते म्हणून आहे की बाप होते म्हणून, यावर ग्रंथ लिहिता येईल. आमच्याकडे तो लोकांनी पाणी भरता भरता मांडला. एकाच नटाने हे नाटक आयुष्यभर केलं असतं, तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. दुसरा नट आला म्हणून पहिल्याने काय निवडलं होतं ते दिसलं.

माझं मत विचाराल तर मी भटांच्या बाजूचा. आणि नाना पाटेकरांच्या चित्रपटाबद्दल एवढंच म्हणतो की कॅमेरा इतका जवळ आला की अप्पांना शेवटच्या रांगेची काळजीच उरली नाही. चित्रपटाला गर्दी मात्र तोबा झाली. ज्यांनी नाटक कधीच पाहिलं नाही अशा मुलांना नानांचेच अप्पा खरे वाटतात, आणि त्यांच्याशी भांडायला मी जात नाही. आपण ज्याला पहिल्यांदा पाहतो तोच खरा, हा दोष आपल्या सगळ्यांच्या काट्यात आहे. माझ्याही आहे.

पण हा दोष नेहमीच जिंकतो असंही नाही. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त पूर्वी बापूराव माने मावशी करत, आणि त्यांची मावशी पाहिलेले लोक दुसरं कुणाला उभंच करत नसत. 1985 साली 'सुयोग'ने नाटक पुन्हा आणलं आणि विजय चव्हाण लुगडं नेसून आले. एका पिढीत पहिली मावशी पुसली गेली. आज कुणाला मावशी म्हणा, विजय चव्हाणच आठवणार. याच्या अगदी उलट 'ती फुलराणी'. पु. लं.चं नाटक, 1975 साल, मंजुळा भक्ती बर्वे. पुढे प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा एकाहून एक अभिनेत्रींनी मंजुळा केली. प्रत्येकीचं कौतुक झालं, पण प्रत्येक कौतुकाच्या शेवटी 'पण भक्ती...' असं आलंच. 2001 मध्ये वाईहून परतताना अपघातात त्या गेल्या. आणि आजही शाळाशाळांतल्या एकपात्री स्पर्धेत मंजुळाचं ते स्वगत म्हणणारी एक तरी मुलगी असते. परीक्षक म्हणून मी ते किती वेळा ऐकलं, सोडून द्या. त्या मुलींनी भक्ती बर्वेंना पाहिलेलं नसतं. त्यांच्या बाईंनीही नसतं. तरी हात कमरेवर कधी ठेवायचा आणि मान कधी उडवायची ते बरोबर तिथेच येतं. अशा वेळी भूमिका एका माणसाची राहत नाही, ती सगळ्या गावाची होऊन जाते.

'कट्यार काळजात घुसली'चंही तेच. 1967 साली वसंतराव देशपांडे खाँसाहेब झाले, मग त्यांचे नातू राहुल देशपांडे झाले, 2015 च्या चित्रपटात सचिन झाले. पण तिथे गाणं येतं, आणि गाण्यावर मी बोलू लागलो तर अध्यक्ष घंटा वाजवतील.

लखोबा लोखंडेबद्दल मात्र थांबायला हवं. 'तो मी नव्हेच' हे एकच माणूस 5 रूपांनी फसवणूक करतो त्याचं नाटक. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा, आणि बाकीची त्याची सोंगं. फिरता रंगमंच, वेषांतराला मिळणारा जेमतेम वेळ, आणि पणशीकर. त्यांनी हे नाटक जन्मभर केलं. कुठल्या रूपात पणशीकर सगळ्यात कमी पणशीकर असतात, यावरून चाहते पैजा लावायचे. काय मार्मिक पैज आहे बघा! नट जिथे कमी दिसतो तिथे तो मोठा, हे लोकांना कुणी शिकवलं? 2011 साली पणशीकर गेले. पुढे डॉ. गिरीश ओक लखोबा झाले, तेव्हा चाहत्यांना जो पेच पडला तो अत्र्यांनाच सुचावा असा होता. मंचावर आरोपी म्हणतोय तो मी नव्हे, आणि प्रेक्षकांतला म्हातारा मनात म्हणतोय, खरंच, तो तू नव्हेस.

आता पडदा. गणपतीत वसाहतीच्या मैदानात दोन बांबूंवर पांढरं कापड ताणून सिनेमा दाखवायचे. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरं कापडाच्या मागे बसायचो. मागून चित्र उलटं दिसतं. 'पिंजरा' मी पहिल्यांदा असा पाहिला, त्यामुळे कितीतरी दिवस निळू फुले डावखुरे आहेत असं माझं ठाम मत होतं. निळूभाऊंचा पाटील, सरपंच, साखरसम्राट लोकांनी इतका खरा मानला की बायका त्यांना पाहून पदर सावरायच्या, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मिमिक्रीवाल्यांनी त्या खर्जातल्या आवाजाचा पार चोथा केला. पण मी ज्या मंडळींत वाढलो त्यांचं निळूभाऊंवरचं प्रेम 'सामना'वरून सुरू व्हायचं. 1975 च्या सुमाराचा चित्रपट, तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. हिंदुराव धोंडे पाटील निळूभाऊ, मास्तर डॉ. लागू. या सिनेमात पाटील मास्तरला भितो. अख्ख्या परिसराचा मालक एका दारुड्या, फाटक्या माणसाच्या एका प्रश्नाला भितो, आणि ती भीती निळूभाऊ हसण्यातून दाखवतात. मग चार वर्षांनी 'सिंहासन'मध्ये तेच निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस झाले. त्यात ओरडणं नाही, बायका नाहीत, वाडा नाही. ज्यांना फक्त खलनायक हवा होता ते चाहते तिथे गळाले. उरले ते पक्के. पुढे हेच दोघे, लागू आणि निळूभाऊ, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' घेऊन गावोगाव फिरले. चळवळीतल्या कार्यकर्त्यांसाठी पैसा उभा करायचा होता. पडद्यावर ज्याने गाव लुटलं त्याच्यासाठी गाव तिकीट काढत होतं. लोकांना फरक कळत होता, एवढाच याचा अर्थ.

टीव्ही आपल्याकडे आला तो मुंग्यांसकट. सह्याद्रीच्या कुशीत लाटा अडतात, त्यामुळे एक माणूस कौलांवर अँटेना धरून आणि एक दारात 'आलं, आलं, गेलं' ओरडत. 25 जानेवारी 1987 ला 'रामायण' सुरू झालं. अरुण गोविल त्याआधी हिंदी सिनेमात नायक होते, पण राम झाल्यावर लोकांनी त्यांना दुसरं काही होऊ दिलं नाही. मराठीत अलका कुबलांचं काहीसं तसंच झालं. 'माहेरची साडी' 1991 मध्ये आला आणि त्यानंतर बायांना त्या रडतानाच हव्या असायच्या. चाहत्यांचं प्रेम नटाच्या पोटावर पाय देतं ते असं. याची दुसरी बाजू म्हणजे दिलीप प्रभावळकर. दूरदर्शनवरचे चिमणराव, 'चौकट राजा'तला नंदू, 'झपाटलेला'तला तात्या विंचू, टिपरे कुटुंबातले आबा, 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजी, आणि परवापरवा, 2025 मध्ये, 'दशावतार'मधला बाबुली मेस्त्री. यांतली सर्वोत्तम भूमिका कुठली यावर दोन चाहत्यांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलं नाही. 'हसवाफसवी'त तर ते स्वतःच स्वतःची रिप्लेसमेंट होते, एका प्रयोगात 6 वेळा! नटाला यापेक्षा मोठं स्वातंत्र्य मिळत नाही आणि चाहत्याला यापेक्षा मोठं भांडण.

अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यावर मी वेगळं व्याख्यान देईन, कारण 'अशी ही बनवाबनवी' 1988 सालचा चित्रपट असला तरी माझ्या नातवंडांना तो माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. धनंजय माने, औषधाचे सत्तर रुपये आणि परशुरामची पार्वती. आपल्या डोंगरावरचा परशुराम सोडला तर इतका लोकप्रिय परशुराम दुसरा नाही. त्या दोघांची रिप्लेसमेंट करायचं धाडस अजून कुणी फारसं केलेलं नाही आणि करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मालिकांत मात्र नट बदलणं रोजचंच झालं. 'रात्रीस खेळ चाले'चं उदाहरण घेऊ. 2016 साली मालिका सुरू झाली, आकेरीतल्या वाड्यात चित्रीकरण, संवादांत मालवणी. दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता आली आणि रात्रीची जेवणं लवकर व्हायला लागली. तिसऱ्या पर्वात शेवंता बदलली, तिच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरगावच्या थांब्यावर मी एसटीची वाट बघत उभा, आणि शेजारी तीन बाया, टोपलीत ओल्या काजूच्या बिया.

'ही नाय गो शेवंता,' पहिली म्हणाली.

'मंग कोन?'

'शेवंतेची भन असंल. शेवंता बगायची तवा आदी डोळं खाली न्यायची, मंग वर. ही एकदम वरच बगते.'

दुसरीने मान डोलवली. तिसरी मात्र बिया सारख्या करत म्हणाली, 'नवीन हाय. ऱ्हाव दे चार दिस. नवी सून तरी पयल्या दिवशी चुलीम्होरं काय करते?'

एवढ्यात गाडी आली. नजर खालून वर न्यायची की थेट वर, हा अभिनयाचा प्रश्न आहे, आणि नव्या नटीला वेळ द्यायचा हा न्यायाचा. थांब्यावर पाच मिनिटांत दोन्ही झाले.

ही नजर आली कुठून? सिनेमा-टीव्हीने ती शिकवली नाही असं मला वाटतं. आपल्या नमनातून, खेळ्यांतून ती आली असावी. शिमग्यात खेळे घरोघर फिरतात तेव्हा संकासुर येतो. अंगभर काळा पायघोळ, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. चेहरा झाकलेला. नटाचं हुकमी हत्यार म्हणजे चेहरा, तेच काढून घेतलं. उरले पाय आणि कंबर. आणि तरी अंगणात संकासुर दोन गिरक्या घेतो न घेतो तोच पडवीतली म्हातारी सांगते, 'औंदा पाय दुसरा हाय.' घरात कुणी आजारी असेल, कुणी मुंबईला अडकला असेल, म्हणून दुसरा उभा राहिलेला असतो. गवळणीतली राधा हा बाप्याच असतो. त्याचा बाप राधा करायचा, आता तो करतो, आणि बापाच्या राधेची मान कशी होती हे सांगणारी माणसं पहिल्या रांगेत बसलेली असतात. मृदंगाची थाप पडल्यावर त्या पोराच्या पोटात जो गोळा येतो, तो शिवाजी मंदिरला लागूंनंतर अप्पा करायला उभ्या राहिलेल्या नटाच्या पोटात आलाच असेल.

या नटांना बिदागी मिळते ती टाळ्यांच्या मधोमध, नाव पुकारून. नंतर कुणाच्या लक्षात राहत नाही. 'वस्त्रहरण'मध्ये गंगाराम गवाणकरांनी गावच्या नाटकाची जी धमाल उडवली, मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचाने ती 1980 पासून जगभर नेली, आणि आपण पोट धरून हसलो. हसायलाच हवं. पण त्यातल्यासारख्याच गावच्या नटांची नोंद मात्र आपण ठेवली नाही. घाणेकरांनंतर लाल्या कुणी केला ते मी तुम्हाला सांगू शकलो. आपल्या वाडीत 1980 साली संकासुर कोण होता, त्याच्या आधी कोण आणि नंतर कोण, हे मला सांगता येणार नाही, आणि ज्यांना सांगता येईल ती माणसं आज इथे पहिल्या दोन रांगांत बसली आहेत.

म्हणून गुरुजींच्या मुलांना विचारून मी येताना एक जाड वही आणली आहे. पानावर रकाने आखले आहेत: वाडी, सोंग, कुणी केलं, त्याच्या आधी कुणी, त्याच्यानंतर कुणी, आणि शेवटचा मोठा रकाना, काम कसं व्हायचं. शेवटच्या रकान्यात 'छान' लिहून भागणार नाही, पाय कसा पडायचा, मान कशी फिरायची ते लिहायचं. लिहिता येत नसेल त्यांनी सांगावं, अलोऱ्याच्या कॉलेजातली दोन मुलं लिहून घ्यायला बसली आहेत. एकाच सोंगाबद्दल दोघांची मतं वेगळी आली तर दोन्ही लिहायची, खाडाखोड करायची नाही. चहा बाहेर पडवीत आहे, वही दाराजवळच्या टेबलावर. आधी वहीकडे या, चहा पुन्हा गरम करता येतो.